उजेड हातात असतानाच उतरा: संध्याकाळचं प्रिकॉशनरी लँडिंग, पायरीपायरीने

इंजिन नीट चालू आहे, टाकीत इंधनही आहे, तरी पुढे जाणं धोक्याचं वाटतं म्हणून धावपट्टी नसलेल्या जागी विमान उतरवायचं, याला प्रिकॉशनरी लँडिंग म्हणतात. इंजिन बंद पडल्यावर जे करावं लागतं ते फोर्स्ड लँडिंग. तिथे हातात फक्त उंची असते. इथे इंजिन असतं आणि वेळही असतो. जागा दोनदा पाहता येते, नाही पटली तर सोडून दुसरी शोधता येते. या प्रकारात अपघात होतात ते बहुतेक वेळा हा वेळ आधीच खर्चून टाकल्यामुळे. अंधार दाटल्यावर केलेलं प्रिकॉशनरी लँडिंग म्हणजे इंजिन चालू असलेलं फोर्स्ड लँडिंगच.

ठाणे, कळवा, ऐरोली, पनवेल इथून बारामती, धुळे, शिरपूरला विमान चालवायला शिकायला जाणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. आकडे सेसना १५२ या दोन आसनी विमानाचे आहेत. तुमचं विमान वेगळं असेल तर त्याच्या हँडबुकातले आकडे घ्या. सराव प्रशिक्षकाबरोबरच करा, आणि परवानगी नसेल तर ५०० फुटांच्या खाली जाऊ नका.

पायरी पहिली: उजेडाचा हिशेब उड्डाणाआधी

ठाण्याचा अक्षांश १९ अंश उत्तर. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेर सात वाजून वीस मिनिटांच्या आसपास. संधिप्रकाश वर्षभर जेमतेम २२ ते २४ मिनिटांचा. इंग्लंडमधल्या पुस्तकांत संध्याकाळ रेंगाळते, कारण तिथे ती खरोखरच रेंगाळते. आपल्याकडे दिवेलागण झाली की अंधार झपाट्याने उतरतो.

त्यात वरून दिसणारा उजेड फसवा असतो. २,००० फुटांवरून सूर्य जमिनीपेक्षा साधारण तीन मिनिटं उशिरा मावळताना दिसतो. आकाश केशरी, कॉकपिटमध्ये भरपूर उजेड, आणि खाली मात्र काळोख साचत चाललेला. डोंगराच्या पूर्वेला हे आणखी लवकर घडतं. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे. सूर्य क्षितिजापासून पाच अंशांवर आला, म्हणजे मावळायला वीस-पंचवीस मिनिटं उरली, की त्या डोंगराची सावली पूर्वेकडे साधारण आठ-नऊ किलोमीटर पसरते. नेरळ-कर्जतच्या पट्ट्यात तेव्हाच संध्याकाळ झालेली असते. घोडबंदर रोडच्या बाजूला येऊरच्या डोंगरांचं तेच.

आता उलटा हिशेब करा. जागा शोधायला पाच मिनिटं, पहिली पाहणी चार, दुसरी पाच, शेवटची फेरी आणि उतरणं चार: झाली अठरा. पहिली जागा नाकारावी लागली तर दुसरीसाठी पुन्हा तेवढीच. म्हणजे छत्तीस मिनिटं, आणि वर थोडी गाठीला. म्हणून निर्णयाची वेळ सूर्यास्ताच्या ४५ मिनिटं आधीची धरा. सूर्यास्त ६:०० चा असेल तर नीबोर्डवर (मांडीला बांधायच्या पाटीवर) पेन्सिलने मोठ्या अक्षरांत ५:१५ लिहा. ५:१५ वाजता स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: ठरलेल्या धावपट्टीवर सूर्यास्ताच्या किमान १५ मिनिटं आधी मी नक्की पोहोचतो का? उत्तरात ‘बहुतेक’ आलं तर ते ‘नाही’ समजा. समोरचा वारा अपेक्षेपेक्षा जास्त लागला, निघायलाच उशीर झाला, वाटेत रस्ता चुकला, अशी साधीच कारणं असतात. ‘अजून दहा मिनिटं बघू’ म्हणत ती वाढत जातात.

नियमही इथे मदतीला आहे. भारतात व्हीएफआर (म्हणजे बाहेर नजरेने बघत केलेलं) उड्डाण सर्वसाधारणपणे सूर्यास्त ते सूर्योदय या काळात करता येत नाही. एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रणाने) मुभा दिलेली स्थानिक आणि प्रशिक्षणाची उड्डाणं त्याला अपवाद. इंधनाचा हिशेबही याच कागदावर मांडा: सेसना १५२ तासाला साधारण २३ लिटर पितं, आणि दिवसाच्या व्हीएफआर उड्डाणाला मुक्कामी पोहोचल्यावर ३० मिनिटांचं इंधन शिल्लक लागतं. ते ३० मिनिटांचं इंधन अंधारात शेत शोधण्यासाठी नाही.

पायरी दुसरी: आधी रेडिओ, मग शेत

ठाणे आणि नवी मुंबईचं आकाश मुंबईच्या नियंत्रित हवाई क्षेत्रात येतं. इथे तुम्ही एटीसीच्या नजरेत असता, त्याचा फायदा घ्या. दिवे असलेली धावपट्टी आवाक्यात असेल तर कुठल्याही शेतापेक्षा ती चांगली. सांताक्रूझ आहे, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी वाहतूक सुरू झालेल्या नवी मुंबई विमानतळाची ३,७०० मीटरची धावपट्टी आहे. मोठ्या विमानतळावर छोटं विमान कसं न्यायचं, चौकशी होईल का, मोठी विमानं थांबवावी लागतील का, या संकोचात शिकाऊ वैमानिक गप्प बसतात. बसू नका. अडचण वेळेत सांगितली तर ती सोडवणं हे एटीसीचं कामच आहे.

‘पॅन-पॅन’ (तातडीची अडचण सांगणारी रेडिओवरची हाक) तीनदा म्हणा, मग ज्याच्याशी बोलताय त्या युनिटचं नाव, तुमचा कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव), विमानाचा प्रकार, अडचण काय, जागा आणि उंची, काय करणार, विमानात माणसं किती, इंधन किती मिनिटांचं. ज्या फ्रिक्वेन्सीवर आहात तिथेच बोला. उत्तर आलं नाही तर १२१.५ मेगाहर्ट्झ. एटीसीने वेगळा कोड दिलेला नसेल तर ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्रावर) आणीबाणीचा कोड ७७००. हे सगळं खाली उतरायला लागण्याआधी. मलंगगड किंवा प्रबळगडाच्या आड ५०० फुटांवर गेलात की रेडिओ पोहोचेलच असं नाही.

पायरी तिसरी: जागा

धावपट्टी आवाक्यात नाही असं ठरलं की हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. विमान ७० नॉटच्या (एक नॉट म्हणजे तासाला सुमारे १.८५ किलोमीटर) आसपास आणा, फ्लॅप (हळू उडण्यासाठी पंखामागे खाली सोडायच्या पट्ट्या) १० अंश, मिश्रण रिच (हवेत इंधन जास्त). कमी पॉवरवर कोकणातल्या दमट हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो, म्हणून कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा) अधूनमधून लावून बघत राहा.

कुठे जायचं नाही ते आधी. ठाण्याची खाडी वरून सपाट, करडी, मऊ दिसते. तो चिखल आहे. पुढचं चाक रुतलं की विमान तिथल्या तिथे पालथं होतं, आणि भरतीच्या वेळी मदत पोहोचायलाही वाट नसते. खारफुटी तर नाहीच नाही. मिठागरांचे चौकोन आखीव दिसतात, पण प्रत्येक चौकोनाला बांध आहे. पाम बीच रोड, महामार्ग, समृद्धी: संध्याकाळी वाहनांनी भरलेले, शिवाय दिव्यांचे खांब, कमानी, पाट्या. मोकळा रस्ता म्हणून जो दिसतो त्याच्या मधोमध विद्युत तार आडवी असते आणि ती शेवटच्या दोन सेकंदांत दिसते. शहरातल्या मैदानांवर सहा वाजता मुलं खेळत असतात. नेवाळीला महायुद्धाच्या काळातली धावपट्टी होती, तिची खूण नकाशावर ओळखू येते. नकाशावर खूण आहे म्हणून आज तिथे उतरता येतं असं मुळीच धरू नका.

उरतात शेतं आणि माळ. भिवंडी, शहापूर, मुरबाड या बाजूची भाताची खाचरं कापणीनंतर पिवळीधमक, सपाट दिसतात. खाचर सपाटच असतं, बांध सपाट नसतो. दहा गुंठ्यांचं चौकोनी खाचर म्हणजे एका बाजूला साधारण ३२ मीटर. सेसना १५२ ला समुद्रसपाटीजवळ, पूर्ण वजनाला, टेकल्यानंतर थांबायला ४७५ फूट लागतात. कोरड्या गवतावर त्यात ४५ टक्के वाढवा, म्हणजे सुमारे २१० मीटर. तेवढ्यात सहा-सात बांध लागणार. पुढचं चाक टायरसकट जेमतेम चौदा इंच व्यासाचं, बांध फूट-दीड फुटाचा. चाक बांधावर चढत नाही, त्याला अडतं. चाकाचा काटा मागे वाकतो, प्रोपेलर मातीत घुसतो, नाक रुततं आणि शेपूट वरून पुढे येते. छोटी विमानं अशी पालथी होतात, तीसुद्धा अगदी कमी वेगात.

इथेच उजेडाचा मुद्दा पुन्हा येतो. सूर्य पाच अंशांवर असताना फूटभर उंचीच्या बांधाची सावली अकरा फूट पडते. म्हणजे सूर्यास्ताआधीचा अर्धा-पाऊण तास ही बांध, नाले, खड्डे, खांब ओळखायला दिवसातली सगळ्यात चांगली वेळ. प्रत्येक उंचवट्याला काळी रेघ असते. सूर्य बुडाला की सगळ्या सावल्या एकदम जातात. तीच खाचरं मग गालिच्यासारखी एकसंध, गुळगुळीत दिसायला लागतात. पंधरा मिनिटांपूर्वी नाकारलेली जागा आता चांगली वाटायला लागली, तर जागा तीच आहे, तुम्हाला दिसायचं बंद झालंय.

म्हणून खाचरांपेक्षा वरकस माळ शोधा: किंचित उतार, गवत, बांध नाही. गवताचा रंग सगळीकडे सारखा हवा. मधेच गडद हिरवा पट्टा असेल तर तिथे ओल किंवा ओढा असतो. काळे ठिपके म्हणजे बहुधा दगड. जनावरं चरत असतील तर जमीन टणक असल्याची खूण, पण जनावरं तुमच्या वाटेत येणार याचीही खूण. उतार असेल तर चढाच्या दिशेने उतरणं बरं. नांगरलेली जमीनच वाट्याला आली तर नांगराच्या तासांच्या दिशेने उतरा, आडवं कधीच नाही. पावसाळ्यात आणि भात कापल्या कापल्या खाचरात ओल असते, तेव्हा तो पर्याय सोडूनच द्या.

तारा दिसत नाहीत. खांब दिसतात, त्यामुळे खांब शोधा. शेतातलं एकटं घर, विहीर, पंपाची टपरी दिसली की तिथे वीज कुठून आली हे हुडकून काढा, कारण ती कुठल्या तरी बाजूने आलेली असतेच. कळवा आणि पडघ्याकडे जाणाऱ्या उच्चदाबाच्या वाहिन्या एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर जातात, मधल्या दरीत खांब नसतो. अशी वाहिनी ओलांडायचीच असेल तर मनोऱ्याच्या माथ्यावरून ओलांडा, दोन मनोऱ्यांच्या मधून नाही.

पायरी चौथी: वारा आणि सूर्य एकाच बाजूला

वीटभट्टीचा धूर हा आपल्याकडचा सगळ्यात चांगला विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी). धरणाच्या किंवा तळ्याच्या पाण्यावर ज्या काठाजवळ पाणी शांत, गुळगुळीत दिसतं, वारा त्या काठाकडून येतो. देवळावरचा भगवा झेंडाही ५०० फुटांवरून दिसतो.

वाऱ्याची दिशा चुकली तर काय होतं ते आकड्यात पाहा. ४५ नॉटला टेकताना समोरून १० नॉट वारा असेल तर जमिनीवरचा वेग ३५. तोच वारा पाठीमागून असेल तर ५५. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ अडीचपट.

किनारपट्टीची खरी अडचण वेगळी आहे. संध्याकाळचा वारा समुद्राकडून, पश्चिम-वायव्येकडून येतो. मे महिन्यात सूर्यही तिकडेच, २९० अंशांच्या आसपास मावळतो. वाऱ्यात तोंड करून उतरायचं म्हणजे थेट सूर्याकडे बघत उतरायचं. धुरकट हवेत, डाग पडलेल्या काचेतून समोरचं काही दिसत नाही. डिसेंबरात सूर्य २४५ अंशांकडे सरकतो, त्यामुळे त्रास बराच कमी. उन्हाळ्यात सूर्यापासून ४० अंश बाजूला वळलेली दिशा निवडा. १० नॉट वाऱ्यात ४० अंशांचा फरक पडला तर आडवा वारा साडेसहा नॉटच्या आत राहतो. सेसना १५२ साठी दाखवून दिलेला आडवा वारा १२ नॉटचा आहे, त्यामुळे हा सौदा परवडतो. सूर्य मावळायची वाट बघत घिरट्या घालणं परवडत नाही.

पायरी पाचवी: दोन पाहण्या

पहिली पाहणी ५०० फुटांवरून. फ्लॅप २० अंश, वेग ६० नॉट. उतरण्याची पट्टी तुमच्या डाव्या खिडकीतून दिसेल अशा बेताने तिच्या थोडं उजवीकडून, उतरण्याच्याच दिशेने जा. लांबी घड्याळाने मोजा. ६० नॉट म्हणजे सेकंदाला साधारण ३१ मीटर. ५० फुटांचा अडथळा ओलांडून थांबायला हँडबुक १,२०० फूट सांगतं. गवताची वाढ धरून ते सुमारे ४३० मीटर होतात. हे आकडे कसलेल्या वैमानिकाने नव्या विमानावर काढलेले असतात, म्हणून आणखी चाळीस-पंचेचाळीस टक्के जोडा: ६१५ मीटरच्या आसपास. वारा नसेल तर वीस सेकंद. समोरून १० नॉट वारा असेल तर जमिनीवरचा वेग ५० होतो, तेवढंच अंतर कापायला चोवीस सेकंद लागतील. तेवढी मोकळी लांबी नसेल तर फेरी पुरी करत बसू नका, दुसरी जागा बघा.

याच फेरीत दिशादर्शकावरचा आकडा लिहून घ्या आणि न हलणारी, उठून दिसणारी दोन ठिकाणं ठरवा: पाण्याची टाकी, मोबाइल टॉवर, चुन्याने रंगवलेलं देऊळ. कमी उजेडात वळण घेतल्यावर शेत हरवतं, हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं. खुणा आणि आकडा असेल तर ते परत सापडतं.

दुसरी पाहणी खालून, साधारण १०० ते २०० फुटांवरून. पण वाटेतला सगळ्यात उंच खांब किती आहे हे कळल्यावरच, आणि त्याच्या वरूनच. आता बांध, चर, दगड, कुंपणाची तार, जनावरं बघायची. नजर बाहेर असते तेव्हा हात नकळत विमानाचं नाक वर ओढतो आणि वेग पडतो. दर दोन-तीन सेकंदांनी वेगावर नजर टाका. याच फेरीत अपघात होतात: खाली वाकून बघताना वळण आवळलं, वेग पडला, स्टॉल झाला (पंखांची उचल सुटली), आणि सावरायला उंचीच नव्हती. पाहणी संपल्यावर सरळ चढा, सुरक्षित उंचीवर फ्लॅप आत घ्या, मगच वळा.

पायरी सहावी: शेवटची फेरी

प्रवाशाला आधी सांगा: खांद्याचे पट्टे घट्ट, चष्मा आणि खिशातलं पेन काढून ठेवा, सुटं सामान मागे बांधा, बाहेर कसं पडायचं. छोट्या विमानाच्या अपघातात जीव वाचवणाऱ्या गोष्टींत खांद्याचा पट्टा सगळ्यात वर येतो. तुमचा गॉगल अजून डोळ्यांवर असेल तर काढा.

फायनलवर (शेताकडे सरळ उतरताना) फ्लॅप ३० अंश, वेग ५५ नॉट. ६५ ने आलात तर ऊर्जा ४० टक्के जास्त आणि विमान तरंगत शेताच्या टोकाला जातं. दरवाजे टेकण्याआधी उघडून ठेवा, म्हणजे चौकट वाकली तरी अडकणार नाहीत. हँडबुक मास्टर स्विच (विमानातली वीज तोडणारा) टेकण्याआधी बंद करायला सांगतं, ठिणगी आणि आगीच्या भीतीने. फ्लॅप विजेवर चालतात, म्हणून ते आधी पूर्ण सोडा, मग मास्टर. मास्टरबरोबर लँडिंग लाइटही जातो, हे लक्षात असू द्या. दिव्याशिवाय जमीन दिसतच नसेल तर मास्टर कधी बंद करायचा, हे प्रशिक्षकाशी आधीच, जमिनीवर बसून ठरवा.

अंधुक उजेडात अंदाज एकाच दिशेने चुकतो: गडद जमिनीवर आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असं वाटतं, आणि विमान हळूहळू ठरल्या वाटेच्या खाली जातं. समोरचा बांध किंवा झाड तेव्हाच लागतं. अरुंद पट्टी आणि चढती जमीन हा भास आणखी वाढवतात. म्हणून अडथळ्यावर भरपूर अंतर ठेवा. फ्लेअर करताना (टेकण्याआधी नाक उचलताना) नाकाखाली बघू नका, शेताच्या पलीकडच्या टोकाकडे बघा. थोडी पॉवर ठेवून, नाक किंचित वर धरून जमीन स्वतःहून चाकांना लागू द्या. यात काही मीटर जास्त जातात, ते आधीच्या हिशेबात आहेत.

२०० फुटांवर काहीही खटकलं तर परत वर. पूर्ण पॉवर, कार्ब हीट बंद, फ्लॅप लगेच २० वर, वेग ५५. अडथळे पार झाले की फ्लॅप १० वर, ६० नॉट गाठल्यावर आणि सुरक्षित उंचीवर शून्य. ३० अंश फ्लॅप तसेच ठेवून चढायचा प्रयत्न केला तर हे छोटं इंजिन पुरत नाही.

पायरी सातवी: टेकल्यानंतर

आधी मागची चाकं टेकवा, योक (विमानाचं हँडल) पोटापर्यंत मागे ओढून धरा, पुढचं चाक जितकं उशिरा खाली येईल तितकं चांगलं. इग्निशन बंद, ब्रेक जोरात, योक मागेच. आता बांध चुकवता येत नाही असं दिसलं तर वेग असेल तोवर सरळच राहा. बाजूला झुडूप असेल तर पंखाला ते घेऊ द्या, केबिन वाचवा.

थांबल्यावर मिश्रण पूर्ण मागे, इंधनाची कळ बंद, मास्टर बंद. विमान पालथं झालं असेल तर घाईने पट्टा सोडू नका. आधी एक हात छताला घट्ट टेकवा, पाय रोवा, मग सोडा. नुसता पट्टा सोडून डोक्यावर पडल्यामुळे मान मोडू शकते. पंखातल्या टाक्या आता खाली आहेत आणि पेट्रोल गळत असणार. बाहेर पडा आणि वारा जिकडून येतोय त्या बाजूला किमान पन्नास मीटर जा.

११२ ला फोन करा, जखमी असेल तर १०८. गावाचं नाव माहीत नसेल तर फोनवरचं लोकेशन वाचून दाखवा. ईएलटी (अपघाताचा संकेत पाठवणारा विमानातला ट्रान्समीटर) धक्क्याने चालू होतो, पण मऊ जमिनीवर हळू पालथं झालेल्या विमानात तो झालाच असेल असं नाही. त्याचा स्विच हाताने चालू करा. ४०६ मेगाहर्ट्झचा संदेश उपग्रहामार्फत बेंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात पोहोचतो. एटीसीला आणि फ्लाइंग स्कूललाही कळवा, सुखरूप असाल तर विशेषच, नाहीतर रात्रभर तुमचा शोध चालू राहील.

गावकरी बॅटऱ्या घेऊन धावत येतील. त्यांना तीन गोष्टी पहिल्यांदा सांगा: विडी-काडी नको, प्रोपेलरला हात नको, विमान सरळ करायला कोणी जोर लावू नका. अपघात झाला असेल तर माणसं बाहेर काढण्यापुरतं किंवा आग रोखण्यापुरतं सोडून अवशेष हलवता येत नाहीत. तपास विमान अपघात तपास ब्युरो करते, २०१२ पासून हे काम त्यांच्याकडे आहे, आणि जमिनीवरच्या चाकांच्या खुणाही त्यांना हव्या असतात. विमान धडधाकट उतरलं असेल तरी त्याच शेतातून सकाळी स्वतः उडवू नका. इंजिनिअर चाकांचे काटे, प्रोपेलर आणि फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत) तपासेल, जागा कसलेला वैमानिक बघेल, आणि जमलं नाही तर पंख काढून ते ट्रकवर जाईल.